सासूबाईंचं लायसन्स आणि अडकलेली गन

जगात न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय, असं आपले कुलूपवाले दिवसातून निदान एकदा तरी म्हणत. कुणी विचारलं नाही तरी म्हणत. दाढी करताना आरशाला सांगत, जेवताना बायकोला सांगत, आणि ज्याचं कुलूप नुकतंच उघडून दिलं असेल त्या गिऱ्हाइकाला तर त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीवर बसून सांगत. बरं, नुसती बढाई म्हणावी तर तसंही नाही. तिजोऱ्या, कपाटं, शाळेची प्रयोगशाळा, एका वकिलाची बॅग आणि एकदा तर त्या वकिलाचा पाय अडकलेली सायकलची साखळी, सगळं त्यांनी चुटकीसरशी सोडवलं होतं. कमरेला कायम एक चामड्याचं पाकीट. त्यात बारीक आकडे, चिमटे, तेलाची कुपी आणि कुलपाच्या पोटात डोकावायला दांडीवर बसवलेला इवलासा आरसा. हे पाकीट झोपतानाच काय ते कमरेवरून उतरायचं, आणि तेही बायको टोचतं म्हणून कुरकुरायची म्हणून.

या कीर्तीचा ज्याच्यावर काडीचाही परिणाम होत नव्हता असं माणूस जगात एकच. सासूबाई!

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. जावई कुलपं उघडतो हे चारचौघांत सांगणं त्यांच्या जिवावर येई. कुलपं उघडणारा म्हटलं की ऐकणारा आधी स्वतःचा खिसा चाचपून बघतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणाशी ओळख करून देताना त्या घसा साफ करून म्हणत, "हे आमचे जावई. लोखंडाच्या व्यवसायात आहेत." लग्नाला इतकी वर्षं झाली, नात कॉलेजात गेली, तरी हे लोखंड काही वितळलं नाही. सासूबाईंनी एकदा, फक्त एकदा, दहा माणसांत खणखणीत आवाजात म्हणावं, 'हे आमचे जावई, कुलूपवाले', एवढीच या गृहस्थांची आयुष्याकडून मागणी होती. आणि त्या दिवशी सकाळी ती पुरी व्हायचा योग चालून आला.

झालं असं, की सासूबाई स्वतःच्याच घरात कोंडल्या गेल्या. दाराचं कुलूप आतून अडकलं. किल्ली फिरेना, मूठ हलेना. कुलूप अर्थातच जावयाने बसवलेलं होतं. "चोर सोडा आई, हे मला स्वतःलासुद्धा उघडायला जड जाईल," असं त्यांनी ते बसवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. कुलपाने आता ते मनावर घेतलं होतं.

एरवी सासूबाई दिवसभर वाचत बसल्या असत्या. पण त्या दिवशी त्यांची गाडी चालवायची परीक्षा होती. तिसरी. पहिल्या वेळी त्यांनी भर परीक्षेत गाडी थांबवून, खाली उतरून, रस्ता वाकडातिकडा ओलांडणाऱ्या एका गृहस्थाची शाळा घेतली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच पोक काढून बसू नका म्हणून सुनावलं. साहेब तापट. त्यांनी दोन्ही वेळा नापास केलं, आणि दुसऱ्या वेळी तर ओरडून नापास केलं. आता शिकाऊ लायसन्सची मुदत त्याच दिवशी संपत होती. परीक्षा चुकली की सगळं पुन्हा मुळापासून. "मी या वयात परत पहिलीत बसणार नाही," सासूबाईंनी फोनवर निक्षून सांगितलं. मोटार स्कूलचे मास्तर गाडी घेऊन खाली उभे होते, शेजारी दाराला धडका मारून दमले होते. कसं उघडायचं ते फोनवरच सांगा, मी करते, असंही त्या म्हणाल्या.

इथेच माती खाल्ली आपल्या माणसाने. फोनवर सांगून कुलूप उघडलं तर बघायला कोण? शेजारीपाजारी जिन्यात उभे आहेत, आपण पाकीट काढतोय, सगळ्यांचा श्वास रोखलेला, खट्, आणि दारात सासूबाई! हे सगळं सोडून फोनवर? छे. "आई, हे हाताचं काम आहे. मी निघालोच," असं म्हणून ते नव्या गाडीत बसलेसुद्धा.

नवी म्हणजे जुनीच, पण विजेवर चालणारी. पाठीमागे सामान ठेवायला ऐसपैस जागा, दारावर ठळक अक्षरांत 'कसलंही कुलूप उघडून मिळेल'. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती गल्लीतल्या प्रत्येकाला आत बसवून दाखवली होती. दिवे लावून दाखवले, गाणी लावून दाखवली, थंड हवा तर इतकी दाखवली की शेजारच्या आजोबांना स्वेटर आणावा लागला. आणि रात्री चार्जिंगला लावायची राहून गेली. आता काट्यावर नजर गेली तर सासूबाईंच्या घरापर्यंत पोचण्याइतकी बॅटरी होती, पण सगळा रस्ता उताराचा असता तरच.

वाटेत लायसन्सच्या ऑफिसच्या आवारात सार्वजनिक चार्जिंग होतं. तिथे दोन मशिनं. एकाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ओढलेली, म्हणजे ते बंद. दुसरं मोकळं! कुलूपवाल्यांनी गाडीचं नाक मशिनला लावलं, गन काढून नाकाखालच्या भोकात बसवली. गन म्हणजे जाड वायरीच्या टोकाला असतो तो मुठीसारखा प्लग. घरी अंगणात त्यांनी ती एकदाही लॉक केली नव्हती. आपल्या गाडीला हात लावायची कुणाची टाप आहे, असा त्यांचा खाक्या. पण इथे अनोळखी माणसं, आत हत्यारं, म्हणून त्यांनी किल्लीचं बटण दाबून गाडी नीट लॉक केली, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि मशिनच्या आकड्यांकडे बघत येरझाऱ्या घालायला लागले.

पुरेशी भरली असं वाटताच त्यांनी मशिनवरचं थांबवायचं बटण दाबलं. मशिनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "चार्जिंग थांबवले आहे. कृपया गन काढा. धन्यवाद."

त्यांनी गन ओढली. गन निघेना. हलवून ओढली, पाय लावून ओढली. गनसकट सगळी गाडी पुढे झुकली, पण गन काही गाडीला सोडेना. आणि मग कुलूपवाल्यांनी भोकात डोकावून पाहिलं. आत एक बारीकशी खिट्टी होती, आणि त्या खिट्टीने गन पकडून ठेवली होती.

म्हणजे हे कुलूप होतं! त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की जणू परक्या गावात कुणी वर्गमित्र भेटला. त्यांनी शांतपणे बाह्या सरसावल्या आणि कमरेचं पाकीट उघडलं.

पहिला आकडा आत गेला, बाहेर आला. दुसरा गेला, वाकडा होऊन आला. तिसरा गेला तो गेलाच. तेलाची कुपी त्यांनी अर्धी भोकात आणि अर्धी स्वतःच्या हातांवर रिकामी केली. खिट्टी ढिम्म. "कृपया गन काढा," बाई म्हणाली. "काढतोय," कुलूपवाले म्हणाले. मागे एव्हाना रांग लागली होती. सगळ्यात पुढे फुलवाली, तिच्या गाडीत मागे फुलांच्या बादल्या. तिच्यामागे ऑफिसची परीक्षेची गाडी, जिच्यात सगळ्यांच्या परीक्षा होत ती, तिच्यामागे आणखी दोघंतिघं. आधी हॉर्न वाजले, मग दारं वाजली, आणि थोड्याच वेळात सगळी रांग पायी चालत येऊन त्यांच्याभोवती उभी राहिली.

आता त्यांना दारावरच्या अक्षरांची आठवण झाली. अंगाला घाम फुटला. अंगातला कोट त्यांनी, उकडतंय बुवा, असं पुटपुटत काढला आणि सहज टांगावा तसा बाजूच्या आरशाला टांगला. अक्षरं झाकली गेली. देव पावला.

फुलवाली मात्र पाकिटाकडे निरखून बघत होती. ते बारीक आकडे, तो दांडीवरचा इवलासा आरसा.

"तुम्ही दातांचे डॉक्टर का हो?" तिने विचारलं.

माणसाने खोटं बोलू नये हे कुलूपवाल्यांना मान्य होतं. ते खोटं बोललेच नाहीत. ते फक्त "हं" म्हणाले. पण त्या हंमुळे गर्दीचा नूर पालटला. कुलूपवाल्याला खिट्टी निघत नाही म्हटलं असतं तर लोकांनी त्याला उभा सोलला असता, पण डॉक्टरांना गन निघत नाही म्हटल्यावर सगळ्यांना कणव आली. एकाने सावलीत यायचा आग्रह केला. फुलवालीने पाणी दिलं. डॉक्टरांना कसं येणार हे, त्यांचे हात नाजूक, असं म्हणत दोघांनी गन ओढून पाहिली आणि दोघंही एकमेकांच्या अंगावर पडले.

तेवढ्यात परीक्षेच्या गाडीतून एक जाडजूड गृहस्थ गालावर हात ठेवून उतरले. गाडीची बॅटरी संपत आल्यामुळे सकाळपासून परीक्षा खोळंबल्या होत्या, म्हणून ते भांडायलाच आले होते. पण डॉक्टर हा शब्द कानावर पडला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. दाढेने रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही, तेवढं जरा बघता का, असं ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी जबडा वासला.

नाही कसं म्हणणार? कुलूपवाल्यांनी आरसा थर्मामीटरसारखा झटकला, शर्टाला पुसला आणि ते आत डोकावले. खरं सांगायचं तर ते सवयीने खिट्टी शोधत होते. दाढेत त्यांना काळं भोक दिसलं. त्यांनी गंभीरपणे दोनदा "हं" केलं आणि कोमट पाण्याच्या चुळा भरायला सांगितल्या. एवढं तर त्यांची आईही सांगायची.

मग ऑफिसातून शिपाई धावत आला. साहेब, परीक्षेची माणसं ताटकळलीत, काय सांगू, असं त्याने या गृहस्थांना विचारलं आणि कुलूपवाल्यांच्या हातातला आरसा गळून पडला. साहेब! सासूबाईंना दोनदा नापास करणारे साहेब हेच! कुलूपवाल्यांच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला, आणि जीभ आपोआप सुटली.

"आणि एक सांगतो. आज अजिबात चिडायचं नाही," ते म्हणाले. "राग आला की रक्त थेट हिरड्यांत चढतं. ओरडणं बंद. समोरचा काहीही बोलला तरी मान हलवून हो म्हणायचं. विशेषतः वयस्कर माणसांशी."

"नाहीतर?" साहेबांनी धास्तावून विचारलं.

नाहीतर काय हे कुलूपवाल्यांना सुचायच्या आत त्यांचा फोन वाजला. सासूबाई. कुठे आहात, वेळ संपत आली, मास्तर निघायचं म्हणतायत, आणि आता माझा तुमच्यावर विश्वास उरलेला नाही. आवाजात राग होता तसा रडूही होतं, आणि सासूबाईंच्या आवाजात रडू त्यांनी आजवर ऐकलेलं नव्हतं. जिन्यातली गर्दी, खट्, वगैरे सगळं कुलूपवाल्यांनी मनातून पुसून टाकलं आणि फोन खांद्याने कानाशी दाबून, दोन्ही हातांनी गन हिसडत, आधीच सांगायला हवं होतं ते सांगायला लागले.

"आई, घाबरू नका. चमचा आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. आधी खालचे दोन्ही स्क्रू काढा."

गर्दीने कान टवकारले. हल्ली दात स्क्रूनेच बसवतात, असं कुणीतरी हळूच कुणाला तरी सांगितलं.

"निघाले? शाब्बास. आता भोक दिसतंय? त्यात चमच्याची दांडी घाला. आणखी आत. आणखी. काहीतरी हलतंय असं हाताला लागेल. लागलं? तेच वर दाबा. दोन्ही हातांनी. दाबा आई, दाबा, फुटलं तरी चालेल!"

फोनमधून काड्कन आवाज आला तो सगळ्यांना ऐकू गेला. त्यापाठोपाठ सासूबाईंची किंकाळी. ती आनंदाची होती, पण हे गर्दीला कसं कळणार? फुलवालीने डोळे मिटून घेतले.

"सगळंच बाहेर आलं?" कुलूपवाले आनंदाने म्हणाले. "येऊ द्या. खाली पडलंय ते गोळा करून डब्यात ठेवा, मी नंतर येऊन बसवून देईन. आता पळा, मास्तरांबरोबर थेट परीक्षेला!"

फोन ठेवून ते वळले तर साहेबांचे दोन्ही गालांवर दोन हात, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"मला चमचा लागणार नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"चिडला नाहीत तर नाही," कुलूपवाले म्हणाले आणि पुन्हा खिट्टीच्या मागे लागले. कारण सासूबाई सुटल्या तरी काम संपलं नव्हतं. आपली गाडी मशिनला चिकटलेली, म्हणून साहेबांची गाडी उपाशी, म्हणून परीक्षा बंद. सासूबाई इथे येऊन नुसत्या उभ्या राहणार, मुदत संपणार, आणि कारण काय तर जावयाला एक खिट्टी निघेना. त्यांनी आकडा घातला, चिमटा घातला, शेवटी खिट्टीला हात जोडले. "कृपया गन काढा," बाई म्हणाली. तिचाही गळा आता भरून आल्यासारखा वाटत होता.

मास्तरांची गाडी आवारात शिरली आणि तिच्यातून सासूबाई ताठ मानेने उतरल्या. दार उघडलं या आनंदात त्या तोंडभर हसत होत्या, आणि सगळे दात जागच्या जागी चमकत होते. गर्दीत कुजबुज उठली. काय विलक्षण डॉक्टर आहे हा, एवढं होऊनही बाईंना सूज नाही! कुलूपवाले डोळ्यांनी, भुवयांनी, नाकाने, जे हलवता येईल त्याने सासूबाईंना गप्प राहायची खूण करत होते. सासूबाईंनी ते सगळं उन्हामुळे आहे असं समजून सोडून दिलं आणि काय खोळंबलंय ते विचारलं.

कुलूपवाल्यांनी सांगितलं. खिट्टीची जात, तिचा उलटा दात, आकड्याचा कोन, तेलाचा दाटपणा, सगळं खालच्या आवाजात सविस्तर सांगितलं. सासूबाईंनी वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर ऐकावं तसं ते ऐकून घेतलं.

"जावईबापू, गाडीची किल्ली कुठाय?"

"खिशात."

"मग गाडीचं लॉक उघडा की. मास्तरांच्या गाडीला मी रोज लावते काढते. गाडी लॉक असली की गन सुटत नाही."

कुलूपवाल्यांनी तेलकट बोटांनी खिशातली किल्ली काढली. किल्ली! आयुष्यभर किल्लीशिवाय कुलपं उघडणाऱ्या माणसाला ती सुचणार तरी कशी? त्यांनी बटण दाबलं. आत टक् झालं, आणि गन लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाली, "धन्यवाद."

आता गाडी मागे घ्यायची. पण कुलूपवाल्यांच्या हातांवर अर्धी कुपी तेल. स्टिअरिंगला हात लावला की हात तिसरीकडेच जाई. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ते पिशवीवालं मशिन, मागे वेडीवाकडी रांग. साहेबांची दाढ ठणकत होती, माणसं खोळंबली होती. गाडी बाईंनाच काढू दे, मी शेजारी बसतो, हीच परीक्षा समजा, असं साहेब म्हणाले आणि बसले. सासूबाईंनी आतला आरसा नीट केला. साहेबांना ताठ बसायला सांगितलं. साहेब मान हलवून हो म्हणाले आणि ताठ बसले. मागे उभ्या असलेल्या फुलवालीला सासूबाईंनी काच खाली करून झापलं, शिपायाला झापलं, गाड्यांची रांग सरळ करून घेतली, आणि मग एका दमात, भिंतीला किंवा मशिनला न स्पर्शता, गाडी अशी बाहेर काढली की मास्तरांना भडभडून आलं. साहेबांनी तोंड न उघडता सही केली.

सासूबाई गाडीतून उतरल्या. कागद छातीशी धरलेला, डोळे भरलेले. त्या सरळ जावयाकडे आल्या आणि त्यांनी त्यांच्या तेलकट खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग गर्दीकडे तोंड करून, मैदानात सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हे आमचे जावई. कुलूपवाले आहेत. नुसतं फोनवरून सांगून माझ्या दाराचं कुलूप उघडून दिलं यांनी. यांना न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय!"

हेच ते वाक्य. शब्दाला शब्द, खणखणीत, दहापेक्षा जास्त माणसांत. फक्त एक दिवस उशिरा म्हटलं असतं तर कुलूपवाल्यांनी जन्मभर त्यांचे पाय धुतले असते. लोकांनी गनकडे पाहिलं. कुलूपवाल्यांकडे पाहिलं. पुन्हा गनकडे पाहिलं. फुलवालीने दिलेला पाण्याचा पेला काढून घेतला.

साहेबांचा गालावरचा हात हळूहळू खाली आला. ते पावलं मोजत जवळ आले. कुलूपवाल्यांनी डोळे मिटले. साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, मग थबकले, आणि जीभ आतल्या आत दाढेवरून फिरवून पाहिली.

"दुखायची थांबलीय," ते नवलाने म्हणाले. "पण पुन्हा ठणकली तर यायचं कुठे?"

कुलूपवाल्यांनी मुकाट्याने दुकानाचा पत्ता दिला. दुसरा पत्ता होताच कुठे त्यांच्याकडे?